बाराबंदी, कागदी बेत आणि आपली कातर



स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हात कातरीला सरावलेला, लेखणीला नाही. पण गेल्या श्रावणात आपल्या शिवणवर्गात एक गंमत झाली, तिच्यामागे लागून मी करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तके आणली, मुलीच्या मदतीने आणखीही बरेच वाचले. ते सगळे डोक्यात साठून राहिले होते. म्हणून अखेर लिहावयास बसले.

गंमत अशी. माझी थोरली पुण्याला नोकरी करते. तिने एका झग्याचे चित्र दाखवले आणि म्हणाली, "आई, दुकानात ह्याला दोन हजार मागतात. कागदावर ह्याचा बेत मिळतो. तू शिवशील का?" त्याला रॅप ड्रेस म्हणतात. पुढून उघडा, एक पल्ला दुसऱ्यावर घ्यायचा आणि कमरेला बंदाने बांधायचा. बटण नाही, चेन नाही. तिने बेताचे कागद छापून आणले, आम्ही ते खळीने जोडले आणि मंडळाच्या सतरंजीवर पसरले. सगळ्याजणी वाकून पाहत होत्या. तेवढ्यात शेजारच्या आज्जी, ज्या नुसत्या चहाला म्हणून येऊन बसतात, त्या म्हणाल्या, "अगं, ह्यात नवं काय हाय? ही तर आमच्या मामंजींची बाराबंदी! जरा खाली लांबवली एवढंच."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आज्जी बोलल्या ते खरेच की!

बाराबंदी आता लग्नाच्या वऱ्हाडात किंवा नाटकात दिसते. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथे नंदीध्वज धरणारे भक्त आजही पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पुढचे दोन भाग एकमेकांवर येतात, आतला भाग आतल्या बंदांनी बांधायचा आणि वरचा भाग वरच्या बंदांनी. बारा बंद म्हणून बाराबंदी. अंगरखाही त्याच जातीचा, फक्त लांब आणि खाली घेर असलेला. मोगल काळातल्या चित्रांवरून जाणकार असे सांगतात की हा पल्ला हिंदू डाव्या बगलेखाली बांधीत आणि मुसलमान उजव्या. म्हणजे बंद कुठल्या बाजूला आहे एवढ्यावरून माणूस ओळखता येई.

बंदांचा कपडा का, ह्याचे कारण सरळ आहे. बटण विकत घ्यावे लागते, बंद त्याच कापडाच्या पट्टीचा होतो. शिवाय माणूस जाड झाला, बारीक झाला तरी कपडा तोच चालतो, बंद थोडा सैल किंवा आवळ बांधायचा इतकेच. आपण बाळंतिणीच्या घरी अंगडे-टोपडे देतो, ते अंगडेही बंदाचे असते, कारण दोन महिन्यांत बाळ केवढे वाढते! आपल्या आज्या-पणज्यांच्या खणाच्या चोळीला पुढे गाठच असे. दूर जपानातला किमोनो पाहा, तोही पल्ल्यावर पल्ला घेऊन पट्ट्याने बांधायचा. जिवंत माणसाचा डावा पल्ला वर येतो, मृताला नेसवताना उजवा, अशी तिकडे रीत आहे. किमोनोचे तुकडेही सरळ चौकोनी कापतात, कापड वाया जात नाही. जुन्या अंगरख्यात तसेच आहे. बगलेत हात वर जावा म्हणून चौकोनी तुकडा घालतात, त्याला चौबगला म्हणतात, आणि घेरासाठी तिरप्या कळ्या. कापड महाग होते तेव्हा कातर जपूनच चालणार.

इथपर्यंत ठीक. पण मला वाटले, बाराबंदी जर इतकी सोपी, तर ती घरोघरी बायकांनीच का शिवली नाही? आणि ह्या प्रश्नापाशी मला माझी आई आठवली.

शिवण्याच्या कामात दोन कामे असतात. एक बेतणे आणि दुसरे शिवणे. बेतणे म्हणजे माप घेऊन कापडावर खडूने आखून कातरणे. शिवणे बायकांना नेहमीच येत होते. गोधडी कोण शिवते? धावदोरा, तुरपाई, काज ही कामे परकराच्या वयापासून आपल्या हातात. परंतु बेतणे हे शिंप्याच्या दुकानात, मास्तरांच्या टेबलावर. संत नामदेव ज्या शिंपी समाजातले, त्या समाजाकडे हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे जात आले. त्यात वावगे काही नाही, ज्याची त्याची विद्या. पण घरात बसून शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळते शिवणीची, आणि किंमत असते बेताची.

माझ्या आईने शहरातल्या एका दुकानासाठी कितीतरी वर्षे काज-बटणाचे काम केले. दुकानाचे नाव सांगत नाही. डझनाच्या हिशेबाने पैसे मिळत. रात्री दिव्याखाली काजे करून तिचे डोळे पाणावत. तिने एकदा मास्तरांना विचारले, "दादा, मुंढा कसा आखता ते एकदा दाखवाल का?" ते म्हणाले, "वहिनी, हे हिशेबाचं काम आहे, बायकांना नाही जमायचं," आणि आखताना टेबलाकडे पाठ करून उभे राहू लागले.

आईने मग काय केले असेल? दुकानातून ती चिंध्या आणी, उशीत भरायला म्हणून. कापड कापल्यावर मुंढ्याच्या जागेची चंद्रकोरीसारखी चिंधी उरते, गळ्याची अर्धगोल उरते, बाहीच्या वरच्या गोलाईची उरते. ती ह्या चिंध्या वर्तमानपत्रावर मांडी आणि त्यांच्या बाहेरून पेन्सिल फिरवी. जे कापून टाकले त्यावरून जे ठेवले ते तिने शोधून काढले. पहिले पोलके माझेच झाले. एक बाही वर चढली होती, दुसरी खाली. मी ते शाळेत घालून गेले आणि कुणी हसले तर भांडलेही. पुढे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी कागदाचे झबले कापायला शिकवले तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी माझे झाले, ते त्या वर्तमानपत्रामुळे.

आईला जे चिंध्यांतून गोळा करावे लागले, ते जगात दुसरीकडे कधीच छापून विकायला लागले होते, हे मला ह्या वर्षी वाचताना कळले. ती हकीकत सांगते.

आधी मशीन आले. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचा हक्क मिळवला आणि पॅरिसला लष्कराचे कपडे शिवण्याचा कारखाना काढला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या शिंप्यांनी, पोटावर पाय येणार म्हणून, चाल करून ती यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत १८४६ साली एलियास होव ह्याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर ह्याने आपापल्या यंत्रांचे हक्क घेतले. सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्याने यंत्र विकण्याची युक्ती काढली आणि खरी क्रांती तिने केली, कारण एकरकमी एवढे पैसे कुठल्या घरात असणार? १८६० च्या सुमारास मशीनवाल्यांनी असा हिशेब मांडला होता की पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला चौदा तासांवर लागतात, मशीनवर सव्वा तास पुरतो. विकणाऱ्याचा हिशेब आहे, थोडा वाढवून सांगितला असेल. पण ज्यांनी हाताने पोलके शिवले आहे त्यांना तो फार खोटा वाटणार नाही.

हिंदुस्थानात सिंगर मशीन १८७० च्या दशकात येऊ लागले. यंत्रांना विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनीसुद्धा १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या विरोधातून वगळले होते. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमाने ते यंत्र बनवले, अशी कथा त्यांनी त्या वेळी सांगितली. खरी हकीकत इतकी गोड नव्हती. सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि त्यांचा डोळा व्यापारावर होता. असो. यंत्र चांगले निघाले हे खरे. आपल्याकडचे उषा मशीन कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कारखान्याचे, १९३५ च्या आसपासचे. ते काढणाऱ्या बिशनदास बसिल यांनी आपल्या मुलीचे नाव यंत्राला दिले. १९३८ साली लाला श्रीराम यांनी तो कारखाना चालवायला घेतला. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी आजही काळे उषाचे पायमशीन असेल, त्यावर कुणा मुलीचे नाव आहे हे मला तरी ठाऊक नव्हते.

मशीनने शिवणे सोपे केले, पण बेत मास्तरांकडेच राहिला. तो बाहेर आला १८६३ साली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्टर्लिंग म्हणून एक गाव आहे, तिथे एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी राहत होता. त्याची बायको एलेन मुलासाठी कपडा बेतत होती, मापाला हवा तसा नमुना मिळेना, तेव्हा ती म्हणाली की निरनिराळ्या मापांचे नमुने तयार मिळाले तर किती बरे होईल, अशी हकीकत सांगतात. बटरिकने कागदाचे बेत मापवार कापून विकायला काढले. आधी पुरुषांचे आणि मुलांचे, मग १८६६ पासून बायकांचे. पातळ कागद घडी घालून पोस्टाने कुठेही जाई. खेड्यातल्या बाईच्या हातात शहरातला बेत पडला. मास्तरने पाठ केली तरी आता काही अडत नव्हते.

आपल्याकडे हा कागद का रुळला नाही? मला असे वाटते की आपल्याकडे दुसरीच सोय होती. साहेबांच्या मडमा व्हरांड्यात दर्जी बसवीत आणि त्याला जुना झगा देऊन तसाच दुसरा शिवून घेत. आपण तेच करतो. ब्लाऊज शिवायला टाकताना कागद नेत नाही, मापाचा ब्लाऊज नेतो. मापाचा ब्लाऊज हाच आपला बेत. तो हरवला की घरात केवढा गोंधळ होतो ते मी सांगायला नको. शिवाय साडीला बेतच लागत नाही. ज्या देशातला मुख्य कपडा न शिवलेला, तिथे बायकांना कातर धरण्याचे अडून कुठे राहिले होते?

तरी शिकवणाऱ्या संस्था निघाल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात निराधार बायकांना इतर उद्योगांबरोबर शिवणकाम शिकवले. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम उभे केले, त्यात शिवणवर्ग होता. ज्या बाईला माहेर नाही आणि सासर ठेवून घेत नाही, तिला शिवण म्हणजे विरंगुळा नव्हे, दोन वेळचे अन्न होते. पुढे मुंबईच्या झारापकरांची बेतण्याची पद्धत पुस्तकातून आणि वर्गांतून महाराष्ट्रभर गेली. माझ्या ओळखीतल्या जितक्या बायका घरी ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावतात, त्यांच्यातल्या बऱ्याचजणी झारापकरांचे नाव घेतात.

आता त्या गुंडाळायच्या झग्याकडे येते. तो प्रथम श्रीमंतांच्या अंगावर नव्हता, स्वयंपाकघरात होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हर्बर्ट हूव्हर हे अमेरिकेच्या अन्नखात्याचे प्रमुख होते. त्या वेळी बायकांमध्ये पुढून दुहेरी पल्ल्याचा एक कामाचा झगा निघाला, त्याला हूव्हरचा एप्रन म्हणत. त्याची खुबी पाहा: वरचा पल्ला फोडणीच्या डागांनी मळला की तो आत घ्यायचा आणि आतला स्वच्छ पल्ला वर. पाहुणे दारात आले तरी झगा बदलायला नको! दुसऱ्या महायुद्धात नोकरमाणसे कारखान्यांत गेली, घरची कामे घरच्या बाईवर पडली, तेव्हा १९४२ साली क्लेअर मॅकार्डेल ह्या बाईंनी डेनिमचा बांधायचा झगा काढला आणि त्याबरोबर गरम भांडे धरायचा हातमोजा दिला. म्हणजे हा कपडा कामवाल्या बाईचा आहे हे त्यांना नीट ठाऊक होते.

मग १९५२ साली बटरिक कंपनीने घरी शिवण्यासाठी एका गुंडाळत्या झग्याचा कागदी बेत काढला. मोजकेच तुकडे. पुढचा भाग मागे नेऊन बांधायचा आणि मागचा मोठा घेर पुढे आणून बटणाने लावायचा. सकाळच्या न्याहारीनंतर शिवायला घ्या आणि दुपारच्या जेवणाला तोच अंगात घालून चालू लागा, अशी त्याची जाहिरात होती, म्हणून त्याचे इंग्रजी नाव चालत्या झग्याचे पडले. मागणी इतकी आली की कंपनीला बाकीचे बेत छापणे काही काळ थांबवावे लागले, असे सांगतात. घरी शिवणाऱ्या बायकांनी एवढा मोठा कारखाना आपल्या मागे पळवला, हे वाचून मला फार बरे वाटले.

ज्या झग्याचे चित्र माझ्या मुलीने दाखवले तो मात्र १९७४ सालचा. डायान फॉन फुर्स्टेनबर्ग ह्या बाईंचा जन्म ब्रुसेल्सचा, १९४६ चा. त्यांची आई नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेली. त्या अमेरिकेत गेल्या आणि आधी त्यांनी बांधायचा सदरा आणि वेगळा स्कर्ट असा जोड काढला. अध्यक्ष निक्सन यांच्या मुलीच्या अंगावर तो जोड टेलिव्हिजनवर दिसला आणि ह्यांच्या मनात आले, हे दोन्ही जोडूनच का टाकू नये? दोन वर्षांत तसे दहा लाखांवर झगे खपले म्हणतात. पुढे त्याचा कागदी बेतही घरी शिवणाऱ्यांसाठी निघाला. त्या सुमारास बायका कचेरीत जाऊ लागल्या होत्या, त्यांना पटकन अंगात घालता येईल आणि दिवसभर नीट दिसेल असा कपडा हवा होता. बाराबंदीचा जो गुण, तोच ह्याचा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे अमेरिकेचे झाले, आपल्या कोल्हापूरचे काय? तर कोल्हापूर ह्यात मागे नाही. कापडाच्या बाबतीत तर नाहीच. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली इथे सूत आणि कापडाची गिरणी काढली. शाहू मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी माणसे आपल्यात अजून आहेत, २००३ साली गिरणी बंद पडली तरी. शेजारी इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि आज आपण ज्या पॉपलीनवर शिकतो ते पॉपलीन तिथलेच.

पण मला सांगायचे आहे ते भानू अथैया यांच्याविषयी. त्या आपल्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९ चा, म्हणजे ज्या वर्षी इथे प्रभात कंपनी निघाली त्याच वर्षीचा. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांशी संबंध असलेले. ते भानूताईंच्या लहानपणीच वारले. सात भावंडे. मुलगी मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेली, तिथे सुवर्णपदक मिळवले, आणि मग बायकांच्या इंग्रजी मासिकांत कपड्यांची चित्रे काढू लागली. त्यातल्या एका मासिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले आणि म्हणाली, चित्रे काढतेस तर कपडेच करून बघ. तिथून १९५६ च्या 'सी. आय. डी.' चित्रपटापासून पुढे अर्धशतक त्यांनी सिनेमाचे कपडे केले. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटासाठी त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळाले, १९८३ साली. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. गंमत पाहा, ज्या चित्रपटात धोतर, साडी, उपरणे असे न शिवलेले कपडेच जास्त, त्याच्या कपड्यांना जगाने मान दिला! ती बाहुली नीट जपली जावी म्हणून २०१२ साली त्यांनी ती परत अकादमीकडे ठेवायला दिली. २०२० च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

आमच्या शिवणवर्गाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळेच आहे. १९६८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मुमताज नाचते, तेव्हा तिच्या अंगावरची नारिंगी साडी आठवा. ती नेसलेली नाही, शिवलेली आहे. आत चेन लावून, निऱ्या बसवून, नाचताना सुटू नये अशी. गुंडाळायच्या कपड्याचा बेत कोल्हापूरच्या मुलीने असा कापला. आज आपण मंगळागौरीला शिवलेली नऊवारी घालून फुगड्या खेळतो, ती त्याच वाटेवरची. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, शिवलेल्या नऊवारीला नाक मुरडतात. "नेसायला येत न्हाई म्हणून शिवायची?" असे म्हणतात. मी काही बोलत नाही. पण दोन फुगड्यांनंतर त्यांचा कासोटा पुन्हा खोचावा लागतो, माझा लागत नाही.

शेवटी आमच्या झग्यांचे काय झाले ते सांगते, कारण पुढच्या तुकडीला उपयोग होईल. छत्तीस छातीला चव्वेचाळीस पन्ह्याचे साडेतीन मीटर कापड लागले. कापड आधी रात्रभर भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते. पुढचे दोन पल्ले मध्यरेषेच्या पलीकडे चांगले सात-आठ इंच जायला हवेत. आमच्यातल्या एकीने रेघारेघांचे कापड एकेरी पसरून बेत दोनदा एकाच बाजूने ठेवला आणि दोन्ही पल्ले उजवेच कापले! कागद दुसऱ्यांदा उलटा करायचा असतो, किंवा कापड दुहेरी घडी घालून कापायचे. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आले. नवऱ्याला न सांगता आणलेले कापड होते. त्या जादा पल्ल्यातून तिच्या नातवाची दोन अंगडी निघाली आणि पल्ल्याला नवे कापड आम्ही वर्गणीतून आणून दिले.

दुसरी अडचण गळ्याची. गळ्याची कड उरेब असते म्हणजे कापडाच्या तिरप्या अंगाने, ती हाताळली की ताणते आणि मग वाकले की पुढून फाकते. कापल्याबरोबर, दुसरे काहीही करण्याआधी, त्या कडेवर धावदोरा घालून ठेवावा. मी ते केले नाही आणि मुलीच्या झग्याला आत टिचबटण लावून निभावले. उजव्या बाजूच्या शिवणीत बंद बाहेर काढायला दीड इंच फट सोडायची असते, तीही तिघी विसरल्या. उसवून केली. आणि रंकाळ्यावर संध्याकाळी वारे असते हे कुठल्याच बेतावर छापलेले नाही, तेव्हा खालचा घेर आत मांडीपाशी एका टिचबटणाने धरून ठेवावा, एवढे माझे सांगणे आहे.

बारा झग्यांपैकी नऊ नीट झाले. त्यातले तीन तर साठी ओलांडलेल्या भगिनींनी घरात गाऊनऐवजी घालायला शिवले. शेजारच्या आज्जींनी स्वतःसाठी मागितला नाही, पण नातीसाठी माप दिले आहे.

छापलेला बेत मी खाकी कागदावर छत्तीस, चाळीस आणि चव्वेचाळीस अशा तीन मापांत उतरवून मंडळाच्या कपाटात वरच्या खणात ठेवला आहे. त्याच पुठ्ठ्यात आईचे ते वर्तमानपत्र आहे, मुंढ्याच्या पेन्सिलीच्या रेघा असलेले. ते हाताळू नये, फार विरले आहे. ज्यांना हवे त्यांनी आपला कागद घेऊन मंगळवारी चार वाजता यावे आणि उतरवून न्यावे. मूळ कागदाला टाचण्या टोचू नयेत. कातर आपली आणावी, मंडळाची बोथट झाली आहे.